खिडकीकडचा गाल

९ जानेवारी

टायरवाला दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. यंदा लिहायला घेतली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, एवढ्या मिरच्या झोंबण्यासारखं काय आहे त्यात?

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारावर नवा बोर्ड लागला. आम्हा शिकवणाऱ्यांचे फोटो ओळीने. आधी तात्या, आमच्यात सगळ्यांत जुने. मग दोन नवी पोरं. शेवटी मी. खाली उभी राहून वर बघितलं आणि क्षणभर कळेचना, ही कोण बया? नाक माझं, केस माझे, शर्ट माझा. डावा गाल मात्र कुणा भलतीचा.

माझ्या डाव्या डोळ्याखालून थेट कानापर्यंत जन्मखूण आहे. निळसर-करडी, शाई सांडल्यासारखी. फोटोवाल्याने ती पुसून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ पुसली.

मालकांकडे गेले तर म्हणतात, "अहो बाई, खूश व्हायचं सोडून भांडताय काय? त्याने जास्तीचं काम करून दिलंय."

"मी सांगितलं होतं करायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? कुणीही केलं असतं."

हे 'कुणीही केलं असतं' दिवसभर डोक्यात घण घालतंय. क्लच सोडायला उशीर केला म्हणून एका बिचाऱ्या शिकाऊ माणसावर उगाच खेकसले. आणि खरं लिहायचं तर, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर पुन्हा बाहेर जाऊन त्या बयेकडे बघत उभी राहिले. बरी दिसते मेली.

१२ जानेवारी

आज एक मुलगी काकाबरोबर नाव नोंदवायला आली. चुणचुणीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "बोर्डवरच्या मॅडम कधी येतात? मला त्यांच्याकडेच शिकायचंय."

काकाने तिला कोपराने ढोसलं. म्हणजे त्याला कळलं होतं. मी म्हटलं, "त्या रजेवर आहेत," आणि तिला तात्यांकडे पाठवून दिलं.

सगळ्यांना वाटतं, मला गाड्यांचं वेड म्हणून मी हे काम धरलं. वेड आहेच. पण शिकणारा बसतो उजवीकडे, स्टेअरिंगवर, आणि शिकवणारी डावीकडे. म्हणजे त्याला दिसतो माझा उजवा गाल. डावा खिडकीकडे. बँकेत, दुकानात, शाळेत, जिथे जावं तिथे माणूस समोर येऊन बसतो. इथे समोर फक्त रस्ता. माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक असतो, म्हणून पोरं मला ब्रेकबाई म्हणतात. चालतं मला. त्याआधी लोक काय काय म्हणायचे ते पाठ आहे.

ठरवलं. बोर्डवरच्या बाईला रजेवरून बोलवायचं.

२१ जानेवारी

कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. नीट समजावून सांगतात, फक्त बोलताना सगळा वेळ डागाकडेच बघतात. त्यांचं कामच ते, पण मला मान वळवायची सवय. त्या सारख्या हनुवटीला धरून तोंड सरळ करत होत्या.

म्हणाल्या, रंग कातडीच्या आत खोल आहे. लेझरने त्याचे कण फोडायचे, मग शरीर आपलं आपण ते हळूहळू वाहून नेतं. एका बैठकीत होत नाही, बऱ्याच लागतात आणि मध्ये दोन-तीन महिने थांबायचं. पूर्ण जाईल असं वचन त्या देत नाहीत, पण बराच फिका होईल.

"आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. ऊन. लेझर झालेल्या कातडीला ऊन लागलं की ती चिडते आणि आणखी काळी पडते. तुम्ही काम काय करता?"

"उन्हाचा प्रश्नच नाही. दिवसभर गाडीतच असते."

"मग छान," म्हणाल्या. उन्हाचं मलम दिलं, दर दोन-तीन तासांनी लावायला सांगितलं. बाहेर पडलात तर छत्री.

घरी आईला सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "होतं ते काय वाईट आहे? आम्हाला तर कधी दिसलंसुद्धा नाही."

माझं डोकं फिरलं. "दिसलं नाही? मग शाळेत बाईंना सांगून मला भिंतीकडच्या बाकावर कुणी बसवलं? रस्त्याने कायम माझ्या डाव्या बाजूने कोण चालतं? आपण दोघीच जेवायला असतो, तरी भिंतीकडची खुर्ची माझी, ती का?"

"कुणी तुला बोलू नये म्हणून गं."

"घरात कोण बोलणार होतं?"

आई रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस. मनातून वाटत होतं, रड.

५ फेब्रुवारी

पहिली बैठक झाली. गाल बधिर करायचं मलम लावून बसवलं. मग डोळ्यांवर वाट्या. मग टक, टक, टक. मला वाटलं होतं बधिर म्हणजे बधिर. कसलं काय! कढईतलं तेल उडावं तसं, आणि तेही एकाच जागी. केस जळल्याचा वास. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की तिथली नर्स म्हणाली, "तो हात आमचा आहे, घरी न्यायचा नाही."

गाल आता पोळीसारखा फुगलाय. येताना आईने माझा हात धरला आणि सवयीने डाव्या बाजूने चालायला लागली. मी तिला चालू दिलं. आज भांडायची ताकद नव्हती.

१३ फेब्रुवारी

खपली. खाजतंय. हात लावायचा नाही. आई पहारा देते, मी नुसता हात वर केला की म्हणते, "अं हं!" आजपासून कामावर. तात्यांनी विचारलं काय झालं, सांगितलं मांजराने ओरबाडलं. म्हणाले, "मांजर होतं की वाघ?"

४ मार्च

फिका झालाय!

फिका झालाय, फिका झालाय. आरशात बघितलं, मग खिडकीपाशी जाऊन बघितलं, मग मोबाइलमध्ये काढून बघितलं. डोळ्याखालचा भाग जवळजवळ माझ्या बाकीच्या चेहऱ्यासारखा. आईला ओढत उजेडात आणलं. ती चष्मा लावून बघत राहिली, मग म्हणाली, "हो गं." तोंड मात्र असं की काहीतरी हरवलंय.

आज गाडीत गाणं म्हणाले. शिकाऊ माणूस घाबरून पन्नासने चालवत होता तो वीसवर आला.

२३ मार्च

नवीन विद्यार्थिनी आलीय. साठीच्या पुढची. सगळे मावशी म्हणतात, मीही. घरी गाडी आहे, ती चालवायचे त्यांचे यजमान, पण आता त्यांची नजर गेली. "गाडी धूळ खातेय आणि हे खुर्चीत बसून मला खातात," म्हणाल्या. त्यांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असतं, दुसऱ्यांच्या पाया पडून कंटाळल्या.

मावशींना एका कानाने ऐकूच येत नाही, दुसऱ्याने अर्धवट. कानात मशीन आहे, पण गाडीत इंजिनचा आवाज त्यात घुसतो म्हणून काढून पर्समध्ये टाकतात. मग कळतं कसं? ओठ बघून!

"तोंड इकडे कर गं. खिडकीला काय शिकवतेस?"

"मावशी, तुम्ही रस्त्याकडे बघा."

"काय म्हणालीस?" आणि वळल्या माझ्याकडे. गाडी चालली कचराकुंडीकडे. मी ब्रेक दाबला म्हणून वाचलो दोघी.

शेवटी असं ठरवलं की गाडी चालू असताना फक्त हाताच्या खुणा, आणि बोलायचं असेल तर गाडी बाजूला घ्यायची, मी त्यांच्याकडे पूर्ण वळायचं आणि मग बोलायचं. पहिल्यांदा वळले तेव्हा हात आपसूक गालाकडे गेला. त्या टक लावून बघत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "जन्मापासून आहे."

"काय?"

"डाग."

"क्लच आधी की ब्रेक, ते सांग," म्हणाल्या. ऐकू आलं नसावं.

१० एप्रिल

काहीतरी बिनसलंय. फिका झालेला भाग पुन्हा गडद दिसतोय. आई म्हणते उजेडाचा फरक आहे. उजेड तोच आहे, खिडकी तीच आहे.

मलम सकाळी न चुकता लावते. दुपारी कधी लावते, कधी राहतं, पण गाडीतल्या गाडीत असल्यावर दर दोन तासांनी चोपडायचं कशाला? काचही वर असते माझी, धुळीमुळे. रस्ता ओलांडायचा तरी छत्री घेते. पोरं हसतात.

दुपारी सावलीत डबा खाताना तात्यांनी नव्या पोरांची फिरकी घेतली. आपल्या दोन्ही बाह्या वर केल्या. डावा हात तव्यासारखा काळा, उजवा कणकेसारखा. "हे आपल्या धंद्याचं लायसन्स. हा हात झाला की समजायचं शिकवणारा पक्का झाला." मग आम्ही सगळ्यांनी हात टेबलावर ठेवले. माझा डावा तात्यांच्या खालोखाल. टाळ्या पडल्या. कितीतरी दिवसांनी मोकळी हसले.

३० एप्रिल

दुसरी बैठक. डॉक्टरीणबाईंनी गाल बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"उन्हात गेला होतात?"

"नाही."

"मलम?"

"लावते."

"मग असं व्हायला नको."

मला काय विचारता? माझ्या गालाने मला विचारून केलंय का? हे सगळं मनातल्या मनात. बराच वेळ विचार करून त्यांनी मशीन जरा मंद ठेवून बैठक दिली. दुखलं तेवढंच.

२७ मे

काळा. निळसर नाही, करडा नाही, सरळ काळा. आधी होता त्याहून वाईट. ये रे माझ्या मागल्या म्हणतात ते काय, हे तर मागच्यापेक्षाही मागे.

फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "उन्हात फिरू नका." अरे, फिरतं कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी! बाजारात जाणं सोडलं, गच्चीवर कपडे वाळत घालणं सोडलं, मैत्रिणीकडे जाणं सोडलं. घर ते गाडी, गाडी ते घर. तुरुंगातली माणसंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त ऊन खात असतील.

संध्याकाळी निघताना बोर्डखालून जावंच लागतं. ती वरून बघते, स्वच्छ गालाची. दगड मारावासा वाटला. माझ्याच फोटोला मीच दगड मारणार! हसू आलं नाही.

आईने आज काकडीचा रस करून ठेवला होता गालाला लावायला. मी ओतून दिला. मग तिने रिकामी वाटी विसळून ठेवली ते बघून फार वाईट वाटलं.

९ जून

नियमांचा वर्ग घेणारे सर काम सोडून गेले. गाडी शिकणाऱ्यांना लायसन्स मिळण्याआधी वर्गात बसून रस्त्याची चिन्हं आणि नियम शिकावे लागतात, त्याची वेगळी लेखी परीक्षा असते. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, हा वर्ग तुम्ही घ्या. तुमच्याइतकं नीट समजावून कुणी सांगत नाही. खोली थंड आहे, पंखे आहेत. उन्हातान्हात गाडीत उकडून निघता त्यापेक्षा बरं."

"नको."

"अहो, पण का?"

का म्हणजे? हॉलभर डोकी, सगळी समोर, सगळी माझ्याकडे तोंड करून. आणि आत्ता? हा गाल असा असताना? मी म्हटलं, मला गाडीच बरी. मालक म्हणाले, "तुमचं काही कळत नाही." मलाही त्यांचं कळत नाही. फोटोत लपवायचं आणि वर्गात उभं करायचं.

२ जुलै

मावशी लेखीत नापास झाल्या. गाडी आता सुरेख चालवतात, तिसऱ्या गिअरमध्ये सुद्धा. पण चिन्हांमध्ये गोंधळ. "लाल गोलात काय काय घालतात मेले!" वर्गात बसायचं तर ऐकू येत नाही. तात्पुरते आलेले सर जमिनीकडे बघून पुटपुटतात म्हणे. "माझा म्हातारा काय वर्षभर दवाखान्याची वाट बघत बसणार आहे?" इतक्या चिडल्या होत्या की हँडब्रेक न काढताच गाडी नेली.

मी त्यांना गाडी थांबवून थोडी चिन्हं शिकवली. बोलताना त्या माझ्या तोंडाकडे बघतात ते आता काही वाटत नाही. त्यांचं बघणं वेगळं आहे. का वेगळं ते सांगता येत नाही.

११ जुलै

आज कळलं. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

तिसऱ्या बैठकीला गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज बैठक देता येणार नाही, कातडी फार चिडलीय. आणि पुन्हा तेच: तुम्ही मला खरं सांगत नाही. मी भडकले. म्हटलं, "किती वेळा सांगू? दिवसभर गाडीत असते मी! काच वर करून!" आणि तावातावाने बाह्या सारून टेबलावर हात आपटले.

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"डाव्या हाताला काय झालं?"

"काही नाही. आमचे सगळ्यांचे असेच असतात."

"सगळ्यांचे म्हणजे?"

"गाडी शिकवणाऱ्यांचे. खिडकीकडचा हात—"

तिथे माझं वाक्य थांबलं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं गाडीत असता म्हणजे कुठेतरी जाता-येता. दिवसभर खिडकीशी बसता हे माझ्या लक्षात आलं नाही." समोरची काच जाड असते, ती अडवते. बाजूच्या काचेतून कातडी काळी करणारा किरण आरामात आत येतो. भाजत नाही, म्हणून कळत नाही.

म्हणजे मी त्या तात्यांच्या टेबलाशी हात ठेवून टाळ्या घेत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. छत्री घेऊन रस्ता ओलांडत होते आणि लेझरने भाजून आलेला गाल रोज सकाळपासून खिडकीला लावून बसत होते. त्या सीटमुळे डाग लपतो म्हणून ती सीट धरली. आणि त्या सीटनेच तो काळा केला.

बैठका थांबल्या. कातडी शांत झाली की बघू, असं म्हणाल्या. तोवर त्या खिडकीशी बसायचं नाही, काम बदलता आलं तर बदला.

काम बदला. असं म्हणतात जसं काही चादर बदलायचीय.

१४ जुलै

मालकांना विचारलं, डाव्या काचेला फिल्म लावू का? म्हणाले, शिकवायच्या गाडीच्या काचांना काहीही चिकटवायला बंदी आहे, पकडलं तर गाडीच बंद. पडदा लावला तर मला डावा आरसा दिसणार नाही. मलम दर दोन तासांनी लावते आहे आता. डॉक्टरीणबाई म्हणतात, तेवढ्यावर दिवसभराचं निभणार नाही.

घरी सगळं सांगितलं. आईने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मीच तुला भिंतीकडे बसायला शिकवलं."

मला वाटलं होतं हे तिच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल. वाटलं नाही.

१८ जुलै

तोंड बांधून बघितलं. पांढरा कपडा, नुसते डोळे उघडे. पोरं म्हणाली, "ब्रेकबाई, बँक कुठली लुटायची?" सकाळच्या शिकाऊ माणसाला माझं बोलणं कपड्यातून कळेना, दर वाक्याला "हं?" करत होता. घामाने गाल भिजून खाज सुटली.

आणि मग मावशी. गाडीत बसल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पर्स मांडीवर आपटली.

"हे काय? काढ ते."

मी खुणेने सांगितलं, ऊन.

"मला कळत नाही. तोंड दिसल्याशिवाय मला काही कळत नाही. तू बोलतेस की नाही तेसुद्धा कळत नाही." आवाज चढला होता, पण डोळ्यांत पाणी. "घरी त्यांना मी दिसत नाही. इथे तू पण तोंड झाकून बस."

कपडा काढला. धड्याला सुरुवात केली. सूर्य बरोब्बर माझ्या खिडकीत.

२२ जुलै

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. या सीटवर बसले तर डाग दिसत नाही आणि जात नाही. सीट सोडली तर एखाद वेळी जाईल, पण जाईपर्यंत सगळ्यांना दिसणार. तोही होता त्याहून काळा झालेला. म्हणजे घालवायचा तर आधी दाखवायचा. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?

मालकांकडे गेले आणि म्हटलं, वर्ग मी घेते. पण एक अट आहे, मावशींना पहिल्या रांगेत बसवायचं.

मालक खूश. "फळ्याच्या वर तुमचा तो फोटो मोठा करून लावू?"

"लावून बघा," म्हटलं. नाही लावला.

१ ऑगस्ट

आज पहिला वर्ग. सकाळी आईने विचारलं, "पावडर लावू का थोडी?" डॉक्टरीणबाईंनी मनाई केलीय असं सांगितलं. केलेली नाही.

खोली लांबट, खिडक्या मागच्या बाजूला, त्यातून ऊन येत नाही. माणसं कुठल्याही वर्गासारखी. कुणी जांभई देतंय, कुणी मोबाइल बघतंय. मी आत गेले ते सरळ फळ्याकडे. तीन चिन्हं काढली आणि मग जे केलं ते मला नंतर कळलं: फळ्याला खेटून, डावा गाल फळ्याकडे करून, दारावरच्या घड्याळाला मी रस्त्याचे नियम शिकवायला लागले. आवाज छान लागला होता. घड्याळ नीट ऐकत होतं.

"अगं ए बाई!" पहिल्या रांगेतून. "दाराला कसलं लायसन्स काढून देतेस? तोंड इकडे कर!"

वर्ग हसला.

"मावशी, मशीन घाला ना."

"घातलंय. तरी तोंड लागतं मला."

माझ्या पायाने ब्रेक शोधला. खरंच शोधला, उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मग वळले.

सगळी डोकी वर झाली. बघितलं त्यांनी. बघणारच. मोबाइलवाल्याने मोबाइल खाली ठेवून बघितलं. माझे कान इतके तापले की मला वाटलं आता आपल्यालाच ऐकू येणार नाही. आणि तिसऱ्या रांगेत हात वर झाला. तीच जानेवारीतली चुणचुणीत मुलगी. तात्यांकडे शिकूनही लेखीत दोनदा गटांगळ्या खाल्लेली.

"मॅडम... बाहेर बोर्डवर..." आणि तिच्या लक्षात आलं, आणि ती लालबुंद झाली.

"मीच ती," मी म्हटलं. "फोटोवाल्याने पुसलंय."

"का?"

इतकी वर्षं लोकांनी मला विचारलं, हे काय आहे, कशाने झालं, जाणार का. 'का पुसलं' हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मला माहीत नाही," म्हटलं. "त्याला विचार."

कुणी हसलं नाही असं लिहिणार होते, पण मागे एकजण खुसखुसला. खुसखुसू दे. मी लाल गोल दाखवला आणि विचारलं, "हे काय सांगतं?" खुसखुसणाऱ्याला उभं केलं. त्याला येत नव्हतं. मावशींना आलं. त्यांनी उत्तर इतक्या मोठ्याने दिलं की बाहेरून तात्या डोकावून गेले.

वर्ग संपल्यावर फळा पुसला. पुन्हा उद्या आहे, परवा आहे. डाग जाईल का नाही कुणास ठाऊक, गेला तर मला हवाच आहे, अजूनही हवा आहे. कातडी शांत झाली की पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार आहे, टक टक टक.

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. "कुणी काही बोललं का?"

"हो. मावशी म्हणाल्या, उद्या अजून मोठ्याने बोल."

ती हसली नाही. जेवायला वाढलं, माझं ताट नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी समोरच्या, खोलीकडे तोंड असलेल्या खुर्चीत बसले. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझं ताट उचलून माझ्यासमोर आणलं, आणि भिंतीकडच्या खुर्चीत स्वतः बसली.

तिथे बसल्याबसल्या म्हणाली, "इथून काहीच दिसत नाही गं."